बंद करून चालू करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटतंय ही तक्रार कुणाहीकडे घेऊन जा, ठरलेल्या चार निकालांपैकी एक हातात पडतो. कस्टमर केअर म्हणतं, राउटर बंद करून चालू करा. लाइन टाकणारा माणूस म्हणतो, रेंज कमी पडतेय, वरचा प्लॅन घ्या नाहीतर एक्स्टेंडर लावा. दुरुस्तीच्या दुकानात सांगतात, ठेवून जा, फॉरमॅट मारून देतो. आणि घरातला जाणकार भाचा म्हणतो, मावशी, लॅपटॉप जुना झाला, आता नवीन घे. काय तुटतं, कधी तुटतं आणि ते तुटलेलं असताना बाकी काय चालू असतं, हे चौघांपैकी एकही विचारत नाही. हे सल्ले कधीच लागू पडत नाहीत असं मी म्हणत नाही. अधूनमधून पडतात. पण का लागू पडले हे कुणालाच कळत नाही, आणि म्हणूनच तीच तक्रार पंधरवड्याने पुन्हा उभी राहते. माझं भांडण आहे ते याच्याशी.

समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी घेऊ. ते म्हणतात, "आम्हाला काय इंजिनिअर व्हायचंय? राउटर बंद केला, चालू केला, नेट आलं. आम्हाला कामाशी मतलब." यात तथ्य आहे, आणि ते नाकारून माझी बाजू मजबूत होणार नाही. राउटर म्हणजे एक लहानसा संगणकच. तो नव्याने सुरू झाला की त्याची तुंबलेली मेमरी मोकळी होते. चॅनल निवडायचं काम त्याच्यावरच सोडलेलं असेल, तर तो नव्याने निवड करतो. लॅपटॉपला नव्याने आयपी पत्ता मिळतो, लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड पहिल्यापासून जोडणी करतं, आणि कंपनीकडून येणारी लाइनही नव्याने जुळते. म्हणजे पाच निरनिराळ्या बिघाडांवर ही एकच क्रिया तात्पुरती लागू पडते. तिची अडचणही हीच आहे. पाचांतला कोणता बिघाड होता, हे तिच्या यशातून कधीच कळत नाही. भरीस भर म्हणजे घरगुती राउटरमधल्या नोंदी बहुधा त्याच्या तात्पुरत्या मेमरीत असतात. वीज काढली की त्याही जातात. म्हणजे ज्या क्षणी पुरावा ताजा असतो, नेमक्या त्याच क्षणी तो पुसून टाकायचा सल्ला आपल्याला दिला जातो.

तेव्हा नेट गेलं की बटणाकडे हात नेण्याआधी एकच प्रश्न: तुटलं काय? 'नेट गेलं' या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. लॅपटॉप आणि राउटर यांच्यातला हवेतला दुवा तुटलेला असू शकतो. राउटरपासून कंपनीपर्यंतची तार किंवा फायबर गेलेली असू शकते. किंवा दोन्ही शाबूत असून संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा उत्तर देत नसेल. पडद्यावर तिन्ही वेळा पान उघडत नाही एवढंच दिसतं. इलाज मात्र तिन्हींचे सर्वस्वी वेगळे.

हे ओळखायला पदवी लागत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघा. हा पत्ता बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. 'आयपीकॉन्फिग' ही कमांड दिली की 'डिफॉल्ट गेटवे' या ओळीपुढे तो दिसतोच. दुसरीत ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग लावा. दोन्ही कमांडच्या शेवटी उणे चिन्ह आणि टी हे अक्षर जोडलं की पिंग थांबत नाही. मग आपलं काम करत बसा, आणि नेट अडकलं की या खिडक्यांकडे बघा. राउटर दोन-चार मिलिसेकंदांत उत्तर देतोय आणि बाहेरचा पत्ता गप्प आहे, तर लॅपटॉप निर्दोष आहे. तक्रार कंपनीकडे करायची, आणि फॉरमॅटचं नावही काढायचं नाही. दोन्ही उत्तरं देतायत पण पान उघडत नाही, तर डीएनएस बदलून बघायचं. दोन्ही एकदम गप्प झाले, तर दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्या मधे कुठेतरी आहे. राउटरचं उत्तर कधी तीन मिलिसेकंदांत, कधी तीनशे, मधेच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' असं हेलकावत असेल, तर हवेत गोंगाट आहे असा आधी संशय घ्यायचा. आणि आयपीकॉन्फिगमध्ये १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ताच मिळाला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक लावून घेतलाय.

इथे हमखास एक आक्षेप येतो: "पण मोबाइलवर तर व्यवस्थित चालतंय, म्हणजे लॅपटॉपच खराब." हा पुरावा वाटतो तेवढा पक्का नाही. वायफाय डळमळलं की बरेच मोबाइल काही न बोलता सिमच्या डेटावर उडी मारतात. व्हॉट्सॲप चालू राहतं आणि वायफायला भलतंच प्रशस्तिपत्र मिळतं. मोबाइल डेटा बंद करून, लॅपटॉपच्या शेजारीच बसून तुलना केली, तर तिला किंमत आहे.

आता 'रेंज कमी आहे' या निकालाकडे येऊ. वायफायच्या चिन्हातल्या कांड्या मुख्यतः राउटरचा आवाज लॅपटॉपपर्यंत किती जोरात पोचतोय एवढंच सांगतात. आजूबाजूला गोंगाट किती आहे, हे त्या सांगत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनल आहेत. पण दोन शेजारच्या चॅनलमध्ये अंतर असतं ५ मेगाहर्ट्झचं, आणि एक राउटर जागा घेतो साधारण २० मेगाहर्ट्झची. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल व्यवहारात तीनच उरतात: १, ६ आणि ११. आता ठाणे, पिंपरी किंवा नाशिकमधली कुठलीही सात मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. घरटी एक राउटर, त्यांतले कित्येक याच तिनांत कोंबलेले. त्यात ब्लूटूथचे हेडफोन आणि माउस याच पट्ट्यात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. रात्री साडेआठला, जेवण गरम करायच्या वेळेला, मीटिंग अडकते यात चमत्कार काहीच नाही. अशा वेळी कांड्या पूर्ण भरलेल्या असतात आणि तरी नेट चालत नसतं.

वरच्या प्लॅनने यात काय फरक पडणार? शंभर एमबीपीएसचे तीनशे केले, तरी वाढ होते ती कंपनीपासून राउटरपर्यंतच्या लाइनीत. राउटर ते लॅपटॉप या पाच-दहा मीटरच्या हवेत जी कोंडी आहे ती तशीच राहते. जास्त ताकदीचा राउटर घ्या हा सल्लाही अर्धवटच. वायफाय हे दोन्ही बाजूंचं बोलणं आहे. लग्नाच्या हॉलमध्ये यजमानाच्या हातात माइक दिला म्हणून कोपऱ्यातल्या पाहुण्याचं उत्तर त्याला जास्त ऐकू येत नाही. लॅपटॉपचा आवाज असतो तेवढाच राहतो. त्यापेक्षा राउटर कुठे ठेवलाय ते बघा. आपल्याकडे फायबरची जोडणी आली की डबा जातो दाराशेजारच्या चपलांच्या कपाटात किंवा टीव्हीच्या मागे, कारण वायर तिथवर सहज पोचते. मग मधे येतात आरसीसीचा कॉलम, लोखंडी कपाट, आरसा, आणि विटांच्या दोन भिंती. पाच मीटर वायर वाढवून तोच राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर आणि उंचावर नेला, तर नव्या राउटरने झालं नसतं ते काम बरेचदा होतं.

'मग ५ गिगाहर्ट्झवर जा' हा सल्ला यापेक्षा शहाणपणाचा, आणि बहुतेक वेळा मीही तोच देईन. पण तोही डोळे मिटून देऊ नये. त्या पट्ट्यातले ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ क्रमांकांचे चॅनल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. तिथे रडारची चाहूल लागली की नियम पाळणाऱ्या राउटरला दहा सेकंदांच्या आत तो चॅनल सोडावा लागतो. तशाच दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी निदान मिनिटभर नुसतं ऐकत राहावं लागतं, आणि सोडलेल्या चॅनलवर अर्धा तास परतता येत नाही. हवामानाची काही डॉप्लर रडारं हा पट्टा ज्यात येतो त्या सी-बँडमध्ये चालतात. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं असं एक रडार आहे. तुमचं वायफाय तेच पाडतंय असा माझा दावा नाही. एवढंच म्हणतो, की चांगलं चाललेलं ५ गिगाहर्ट्झ अधूनमधून मिनिटभर गायब होऊन आपोआप परत येत असेल, तर लॅपटॉप उघडण्याआधी राउटरचा चॅनल ३६ ते ४८ मधला करून बघा. फुकटचा प्रयोग आहे.

तरीही काही वेळा दोष लॅपटॉपचाच असतो, हे मान्य. पण 'लॅपटॉप खराब' हे निदान नव्हे. बॅटरीवर असताना तुटतं आणि चार्जर लावला की तुटत नाही, असा अनुभव असेल, तर वीज वाचवायला विंडोज वायफाय कार्ड झोपवतंय असा पहिला संशय घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमधल्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये तशी परवानगी देणारी एक खूण असते, ती काढायची. काही नव्या लॅपटॉपांत ते पानच दिसत नाही. तिथे विजेच्या सेटिंगमधून जावं लागतं. उबुंटू वापरणाऱ्यांकडे नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफायच्या पॉवरसेव्हपुढे ३ हा आकडा असतो, तो २ केला की ही बचत बंद होते. विंडोजच्या अपडेटनंतर तुटायला लागलं, तर त्याच प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे. झाकण मागेपुढे केलं की तुटतं, तर अँटेनाची वायर बघायला हवी. बहुतेक लॅपटॉपांत ती बिजागरीतून पडद्याच्या कडेला गेलेली असते आणि तिचं टोक कार्डावर तांदळाच्या दाण्याहून लहान बटणाने बसवलेलं असतं. आणि घड्याळ लावल्यासारखं दर तासाला तुटतं, तर राउटरची 'ग्रुप की', म्हणजे सगळ्या उपकरणांची सामाईक सांकेतिक किल्ली, बदलण्याची वेळ तपासा. अनेक राउटरांत ती ३६०० सेकंदांवर ठेवलेली असते. चारही प्रकरणांत तक्रार एकच, 'वायफाय तुटतं'. वेळ आणि प्रसंग पाहिले, तर कारणं चार.

आमच्या इमारतीत सीएची तयारी करणारी एक मुलगी राहते. तिचं वायफाय संध्याकाळी तुटायचं. कंपनीने सांगितलं, संध्याकाळी लोड असतो. दुकानाने लॅपटॉप फॉरमॅट करून दिला. तरी तुटायचंच. पिंगच्या दोन खिडक्या उघडून आम्ही बसलो. राउटरचं उत्तर येत होतं तीन, चार, तीन मिलिसेकंदांत. मग तिने नेहमीच्या सवयीने लेक्चर उतरवून घ्यायला एक्स्टर्नल हार्ड डिस्क डावीकडच्या निळ्या पोर्टमध्ये घातली आणि फाइल कॉपीला लावली. एकशे ऐंशी. नऊशे. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. डिस्क काढली, पुन्हा तीन, चार. यात भानामती काही नाही. यूएसबी ३.०च्या वेगवान डेटाचा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि जवळचं वायफाय किंवा वायरलेस माउस त्याने बहिरा होतो, हे इंटेलने २०१२ साली सविस्तर लिहून ठेवलंय. ती कॉपी करायची संध्याकाळी, म्हणून संध्याकाळचा लोड बदनाम झाला. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर जोडला, डिस्कला लांब केबल लावून ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. प्रकरण मिटलं. विंडोज हजार वेळा नव्याने टाकलं असतं तरी त्या पोर्टमधला गोंगाट तसूभरही कमी झाला नसता.

म्हणूनच फॉरमॅटवाल्यांना माझा सरळ सवाल आहे. विंडोज पुसून पुन्हा टाकल्याने अँटेनाची सैल वायर घट्ट होते का? शेजाऱ्याचा राउटर सहाव्या चॅनलवरून उठतो का? फायबरचा वाकलेला जोड सरळ होतो का? फॉरमॅटने बदलू शकतात ते ड्रायव्हर आणि सेटिंग, आणि ती फॉरमॅटशिवायही बदलता येतात. वर विंडोज अपडेटने पुन्हा तोच ड्रायव्हर आणून बसवला, की आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. या उपायाची किंमत मात्र गिऱ्हाईक मोजतो: टॅलीचा बॅकअप न घेतलेला डेटा, डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर, श्रीलिपीचे फॉन्ट, ब्राउझरमधले पासवर्ड. दुकानदाराच्या बाजूनेही बोलायला हवं. निदानाचे पैसे द्यायला आपल्याकडे कुणी तयार नसतं. "नुसतं बघितलं, त्याचे कसले पैसे?" हे वाक्य आपलंच. फॉरमॅटला ठरलेला दर आहे आणि तासाभरात तो हातात पडतो, मग दुकानात फॉरमॅटच विकला जाणार. पण म्हणून त्याला दुरुस्ती म्हणायचं कारण नाही.

'नवीन घ्या'वाल्यांसाठी तर एवढंच पुरे. बऱ्याच लॅपटॉपांत वायफाय कार्ड म्हणजे दोन स्क्रूंनी बसलेली बोटभर पट्टी असते, लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ती सुटी मिळते. काही पातळ मॉडेलांत ती बोर्डावरच डकवलेली असते, तिथे यूएसबीचा वायफाय डोंगल चालतो. आणि टेबलावर बसूनच काम असेल, तर राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची साधी केबल टाका. ती परीक्षाही आहे आणि इलाजही. केबलवरही नेट तुटलं, तर वायफायला शिव्या देणं थांबवायचं. एक्स्टेंडरची गोष्टही अशीच. घरात दोन ठिकाणाहून वायफाय मिळायला लागलं, तरी कुणाला धरून राहायचं हे शेवटी लॅपटॉप ठरवतो, आणि दूरचा क्षीण राउटर सोडायला तो बरेचदा तयार नसतो. मग एक्स्टेंडर लावूनही तुटतंच, आणि दोष जातो एक्स्टेंडरला.

"हे सगळं सामान्य माणसाला कसं जमणार?" हा शेवटचा आक्षेप, आणि तो मला सगळ्यात कमी पटतो. जीएसटीचं रिटर्न भरणारा, महाडीबीटीवर मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज रात्री बारा वाजता तडीस नेणारा सामान्य माणूस पिंगच्या दोन खिडक्या वाचू शकत नाही, हे मी मान्य करणार नाही. त्याला जमत नाही असं नाही. त्याला कुणी सांगत नाही. आणि सांगायला हवं होतं ते खुद्द यंत्राने. वायफायच्या ८०२.११ या मानकात राउटर किंवा लॅपटॉप रीतसर जोडणी तोडतो, तेव्हा त्या संदेशासोबत कारणाचा क्रमांक जातो. ४ म्हणजे बराच वेळ हालचाल नाही म्हणून. ५ म्हणजे राउटरला इतकी उपकरणं झेपत नाहीत म्हणून. १६ म्हणजे ग्रुप की बदलण्याची देवाणघेवाण वेळेत झाली नाही म्हणून. कारण यंत्राला कळलेलं असतं, आणि पडद्यावर आपल्याला दिसतं ते 'कनेक्ट होऊ शकत नाही'.

ते कारण विंडोजमधून काढताही येतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' अशी आज्ञा दिली, की गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी तुटलं आणि कशामुळे तुटलं याचा आलेखासकट अहवाल तयार होतो. ही सोय विंडोज १० पासून आहे. तरी कस्टमर केअरच्या फोनवर कुणी ती सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही, कारण तिथे हिशेब ठेवला जातो तक्रारी किती बंद झाल्या याचा, आणि रिस्टार्टने तक्रार बंद होते. बिघाड उद्या परत आला, की ती नवी तक्रार, नवा क्रमांक.

तेव्हा पुढच्या फोनच्या आधी वही घ्या आणि चार गोष्टी टिपा: तुटल्याची वेळ, त्या वेळी राउटरचं उत्तर येत होतं का, बाहेरचं येत होतं का, आणि त्या मिनिटाला घरात व लॅपटॉपवर नवीन काय सुरू झालं होतं. मग सांगा, "रात्री ८:४० ते ८:४३ राउटर उत्तर देत होता, बाहेरचा पत्ता देत नव्हता. मी काहीही बंद करणार नाही. तुमच्या बाजूची नोंद बघून कारण सांगा, आणि कारण लिहिल्याशिवाय तक्रार बंद करू नका." दुकानातही हेच: काय सापडलं ते बिलावर लिहून द्या, निदानाचे वेगळे पैसे घ्या, आम्ही देऊ. गिऱ्हाईक कारणाचे पैसे मोजायला लागेल, त्या दिवसापासून कारण शोधणारा माणूसही बाजारात टिकेल.